वाचकांचे प्रश्न: जपानची ट्रिप आणि मधेच आलेलं सात नंबरचं वादळ

मागच्या अंकात जपानच्या पावसावर सहज चार ओळी लिहिल्या होत्या, तर इतकी पत्रं आली की हा अख्खा कॉलम त्यालाच द्यावा लागतोय. माझी अकरा वर्षं ओसाकात गेली त्यामुळे लोकांना वाटतं मला तिकडचं सगळं कळतं. तसं काही नाही, पण वादळं बरीच बघितलीत. पत्रं थोडी कापून छापलीत, रागावू नका.

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही पुण्याचे. मी, नवरा, दोन मुलं (वय ११ आणि ७) आणि सासूबाई असे पाचजण २०२४ च्या ऑगस्टमध्ये जपानला गेलो होतो. १० तारखेला निघालो, टोकियो आधी, मग १६ ला सकाळच्या शिंकान्सेनने (बुलेट ट्रेनने) क्योतो, शेवटी ओसाका आणि तिथूनच परत, असा प्लॅन. क्योतोला १६ लाच पोचायचं होतं कारण त्या रात्री तिकडे डोंगरांवर आग पेटवतात, पितरांना निरोप देतात म्हणे, आणि सासरे जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं म्हणून सासूबाईंना ते फार बघायचं होतं. तर १४ तारखेपासून हॉटेलच्या टीव्हीवर वादळ वादळ चाललेलं. आमच्या इथल्या एजंटला मेसेज केला तर त्याचं उत्तर, डोंट वरी, जपानमध्ये ट्रेन एक मिनिट पण लेट होत नाही. नवरा म्हणाला मुंबईत लोकल पाण्यातून जाते, इथे काय होतंय. १६ ला सकाळी सगळ्या बॅगा घेऊन टोकियो स्टेशनला गेलो तर नागोयापर्यंत दिवसभर एकही गाडी नाही!! तिकिटाच्या रिफंडसाठी अडीच तास लाईनमध्ये उभे राहिलो, मुलं जमिनीवर बसलेली, सासूबाई बॅगेवर. टोकियोचं हॉटेल सोडलेलं, नवीन शोधलं ते दुप्पट भावाने, क्योतोवाल्या हॉटेलने एका रात्रीचे पैसे परत दिले नाहीत. आणि कहर म्हणजे टोकियोत त्या दिवशी दुपारपर्यंत रिमझिम होती फक्त! नवरा अजून म्हणतो उगाच घाबरवलं सगळ्यांना, त्या लोकांना पावसाची सवयच नाही. आमचं नक्की काय चुकलं? आणि पुन्हा जावं का? कारण ह्या विषयावर घरात अजून भांडण होतं.

उत्तर: अगं, भांडणात पहिले तुझी बाजू घेते आणि मग थोडी तुझ्या नवऱ्याचीही घेईन.

तुम्ही ज्या वादळात सापडलात ते त्या वर्षीचं सातवं. जपानमध्ये आपल्यासारखं निसर्ग, तौक्ते असं नावाने कोणी म्हणत नाही, नाव असतं पण बातम्यांत नंबर चालतो, ताइफू नाना-गो म्हणजे सात नंबरचं वादळ. ते टोकियोच्या पूर्वेला असलेल्या चिबाच्या किनाऱ्याजवळून समुद्रातूनच वर सरकलं, जमिनीवर चढलंच नाही. म्हणून तुम्हाला टोकियोत रिमझिम दिसली. आता टोकियो ते नागोया ही लाईन बघ नकाशावर, बराच भाग समुद्राला धरून जातो, शिझुओकाच्या पट्ट्यात तर एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला पाणी, आणि वादळ शंभर किलोमीटर डावीकडे सरकलं असतं तर चित्र पूर्ण वेगळं असतं. एका नोझोमी गाडीत (ह्या लाईनवरची सगळ्यात फास्ट शिंकान्सेन) १६ डबे आणि १,३२३ सीट्स असतात. ती गाडी मधेच कुठेतरी थांबली, रात्रभर उभी राहिली, तर तुमच्यासारखी मुलं आणि सासूबाई घेऊन निघालेली किती कुटुंबं आत असतील विचार कर. म्हणून ते लोक आधीच सांगून टाकतात की उद्या गाडी नाही.

ह्याला तिकडे शब्द आहे केइकाकु उनक्यू, म्हणजे ठरवून ठेवलेला बंद. हा एक शब्द ऑगस्ट सप्टेंबरमध्ये जपानला जाणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावा, बाकी जपानी नाही आलं तरी चालेल. ही पद्धत फार जुनी पण नाहीये, २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये ओसाकाच्या बाजूला पहिल्यांदा एवढ्या मोठ्या प्रमाणावर केलं, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती, वादळ काही एवढं आलं नाही आणि गाड्या का बंद म्हणून. अगदी तुझ्या नवऱ्यासारखंच. टोकियोत २०१८ च्या ३० सप्टेंबरला पहिल्यांदा रात्री आठपासून सगळं बंद केलं, पण सांगितलं त्याच दिवशी दुपारी, त्यामुळे एकच गोंधळ. त्यानंतर मग आधी सांगायचं, वेगवेगळ्या भाषांत सांगायचं असं सगळं सुरू झालं. तेव्हा चूक तुमची ही नाही की तुम्ही वादळात गेलात. वादळ तुमच्या प्लॅनच्या मध्ये येणार हे तुम्हाला दोन दिवस आधी दिसत होतं आणि तरी तुम्ही त्याच दिवशी शहर बदलायला निघालात, चूक म्हणायची तर ही. आपल्याकडे काय सवय, स्टेशनला जाऊन तर बघू, काहीतरी जुगाड होईल. मुंबईत होतो पण. जपानमध्ये एकदा बंद म्हटलं की बंद, स्टेशनला जाऊन काही फरक पडत नाही, उलट तुम्ही हॉटेलची रूम सोडून बसलात आणि ती गेली दुसऱ्या कुणाला तरी, कारण त्या दिवशी तुमच्यासारखेच हजारो लोक रूम शोधत असतात.

आणि त्यात आठवडा कुठला तर ओबोनचा, त्यांच्या पितरांच्या सणाचा! म्हणजे आपल्या गणपतीत कोकणात जातात तसं अख्खा देश गावी गेलेला असतो आणि १५-१६ ला परत निघतो. शिवाय आठवडाभर आधी ८ तारखेला दक्षिणेकडे मियाझाकीजवळ भूकंप झाला म्हणून नानकाईच्या (दक्षिण किनाऱ्यासमोरचा समुद्रातला पट्टा) मोठ्या भूकंपाबद्दल इशारा दिलेला, शिंकान्सेन एका पट्ट्यात हळू चालवत होते, तो इशारा १५ ला संध्याकाळी पाचला उठला आणि १६ ला वादळ. तुमच्या एजंटने ह्यातली एक तरी गोष्ट बघायला हवी होती. ट्रेन लेट होत नाही हे वाक्य खरं आहे गं, पण ते स्वच्छ ऊन असलेल्या दिवसाचं.

मग काय करता आलं असतं? मी असते तर १४ ला रात्री दोनपैकी एक ठरवलं असतं. एक म्हणजे १५ ला सकाळी लवकर उठून एक दिवस आधीच क्योतो गाठायचं. गर्दी प्रचंड असते, रिझर्व्ह सीट मिळाली नसती, काही गाड्यांना विनारिझर्व्हेशनचे डबे असतात त्यात उभं राहून जावं लागलं असतं कदाचित, पण अडीच तीन तासात पोचलात असता आणि १६ च्या रात्री आग बघितली असती. टोकियोच्या रूमची एक रात्र फुकट गेली असती, तेवढंच. दुसरं म्हणजे सरळ टोकियोतली रूम एक दिवस वाढवून घ्यायची आणि १६ ला पाय बाहेर काढायचा नाही. तिसरा रस्ता पण होता, त्या दिवशी पुष्कळ लोक त्याने गेले, होकुरिकु शिंकान्सेन. ती मागून, म्हणजे जपानच्या दुसऱ्या समुद्राच्या बाजूने कानाझावावरून जाते आणि १६ मार्च २०२४ पासून त्सुरुगापर्यंत वाढवलीये, तिथे उतरून थंडरबर्ड नावाची एक्स्प्रेस पकडली की क्योतो. त्सुरुगापर्यंत सगळ्यात फास्ट गाडीला तीन तासाच्या थोडं वर आणि पुढे साधारण तास, म्हणजे एकूण दीडदोन तासच जास्त. कागदावर एकदम मस्त. पण ऐन ओबोनमध्ये सगळी पब्लिक त्याच रस्त्याला लागलेली, सासूबाईंना घेऊन त्या गर्दीत मी काही पाठवलं नसतं तुम्हाला. तरुण जोडपं असेल तर जरूर जा.

आता ते अडीच तास. ऐकून जीवच जळला माझा, कारण त्या लाईनमध्ये उभं राहायची काही एक गरज नव्हती!! गाडी त्यांनी रद्द केली असेल तर तिकिटाचे पूर्ण पैसे मिळतात, काही कापत नाहीत, आणि त्यासाठी एक वर्षाची मुदत असते. त्या दिवशीच मागायचे असं अजिबात नाही. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, क्योतोच्या स्टेशनवर रात्री नऊला जाऊन शांतपणे खिडकीवर तिकिटं दिली असती तरी चाललं असतं, फक्त देश सोडायच्या आधी करायचं. तिकिटं जपून ठेवायची, गेटमध्ये घालायची नाहीत. अ‍ॅपवरून काढलेली असतील तर रिफंड अ‍ॅपमधूनच होतो. गाडी धावली पण दोन तास किंवा जास्त उशिरा पोचली तर फास्ट गाडीचा जो जादा चार्ज असतो तो परत मिळतो, मूळ भाडं नाही.

हॉटेलचं मात्र वेगळं. हॉटेल उघडं होतं, रूम तयार होती, तुम्ही आला नाहीत, ह्यात नियमाने ते पैसे देणं लागत नाहीत. पण खूप हॉटेलं गाड्या बंद असतील तर सोडून देतात, फक्त विचारावं लागतं आणि बुकिंग साईटला नाही तर थेट हॉटेलला फोन करून. जिथे उतरला आहात तिथल्या रिसेप्शनवरच्या मुलीला सांगायचं की माझ्या वतीने जपानीत फोन करून दे, ती आनंदाने करते, मी कितीतरी लोकांना हे सांगितलंय आणि बऱ्याच वेळा काम झालंय, नेहमी नाही. ट्रॅव्हल इन्शुरन्स असेल तर त्यात ट्रिप इंटरप्शन आहे का वाचा, आणि पॉलिसी वादळ जन्माला यायच्या आधी घेतलेली पाहिजे, टीव्हीवर बघून घेतली तर उपयोग नाही. क्लेमला पुरावा लागतो, गाडी रद्द झाल्याच्या बोर्डाचा, रेल्वेच्या साईटवरच्या नोटिशीचा फोटो काढून ठेवा, फ्लाईट असेल तर एअरलाइनकडून कॅन्सलेशनचं लेटर घ्या, ते तिथेच मागून घ्यायचं, पुण्यात आल्यावर मेल करत बसायला लागतं महिनाभर.

नवऱ्याला सांग, पावसाची सवय त्यांना आपल्याइतकीच आहे. आपण २६ जुलै २००५ चे ९४४ मिलिमीटर अजून सांगतो ना पोराबाळांना? सांताक्रूझला चोवीस तासात पडले होते. तर १२ ऑक्टोबर २०१९ ला एकोणीस नंबरच्या वादळात हाकोनेला, जिथे सगळे फुजी बघायला जातात त्या हाकोनेला, त्या एका दिवसात ९२२.५ पडले. त्या दिवशी रग्बी वर्ल्ड कपच्या मॅचेस रद्द झाल्या आणि नागानोला यार्डात उभ्या केलेल्या दहा शिंकान्सेन गाड्या पाण्यात बुडाल्या, निळी तांबूस पट्टी असलेल्या त्या सुंदर गाड्या रांगेने चिखलात उभ्या, तो फोटो मला अजून आठवतो. हे बघितलेले लोक रिमझिमीला घाबरत नाहीत, रिमझिमीच्या मागे काय आहे त्याला घाबरतात.

त्याची बाजू आता. एक दिवस वाया गेल्यावर माणूस चिडतोच, पाच जणांचा खर्च, वर्षभर साठवलेल्या रजा. आणि जाहिराती बघून आपल्याला वाटतं की तिकडे सगळं सेकंदाच्या काट्यावर असतं, ते तसं नाही हे आधी कोणीच सांगत नाही. तेव्हा एवढं भांडू नका त्याच्याशी.

सासूबाईंचं वाईट वाटलं मला. ती आग म्हणजे गोझान नो ओकुरिबी, पाच डोंगरांवर रात्री आठला पहिलं "मोठं" ह्या अर्थाचं अक्षर पेटतं, मग एकेक करून बाकीची. ओबोनमध्ये घरी आलेल्या पितरांना परत जायला उजेड दाखवायचा. आपल्या पितृपक्षाच्या फार जवळचं आहे ते, म्हणून आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना समजावून सांगावं लागत नाही. आणि एक गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली नसणार, दुसऱ्या दिवशी सकाळी क्योतोचे लोक त्या डोंगरावर जाऊन विझलेला कोळसा घेऊन येतात, कागदात गुंडाळून दारावर टांगतात, घरात इडापिडा येऊ नये म्हणून. गिंकाकुजी देवळाच्या मागून अर्धा पाऊण तासाची चढण आहे. तुम्ही १७ ला पोचलातच ना क्योतोला, मोठ्या मुलाला घेऊन नवरा वर गेला असता तर सासूबाईंच्या हातात एक काळा तुकडा तरी आला असता. पुन्हा जाल तर १४ लाच क्योतोत जाऊन बसा, टोकियो नंतर करा. हो, पुन्हा जा म्हणतेय मी.

प्रश्न: मी नागपूरचा, सप्टेंबरच्या मध्यात फॅमिलीसोबत ओसाका, हिरोशिमा करणार आहे. वादळाच्या नकाशावर गोल गोल दिसतात ते काय असतात, आणि फोनवर इशारा आला तर तो आपल्याला लागू आहे की नाही हे कसं कळेल? कुठलं अ‍ॅप घेऊ?

उत्तर: गोल समजून घ्या कारण त्यातच सगळे फसतात. नकाशावर वादळाच्या पुढे जो पांढरा तुटक रेषेचा गोल असतो आणि पुढच्या तारखेला मोठा मोठा होत जातो, तो बघून लोकांना वाटतं वादळ वाढत चाललंय. नाही हो! तो गोल म्हणजे त्या वेळेला वादळाचा मध्य त्या गोलात कुठेतरी असण्याची शक्यता ७० टक्के आहे, एवढंच. पाच दिवसांपुढचं नक्की सांगता येत नाही म्हणून गोल मोठा. तो लहान लहान व्हायला लागला की समजायचं आता त्यांना पक्कं कळतंय, आणि तेव्हा प्लॅन बदलायचा. त्याच नकाशात लाल गोल असतो तो खरा, आत वारा सेकंदाला २५ मीटर किंवा जास्त. मीटरला ३.६ ने गुणा की ताशी किलोमीटर मिळतात, म्हणजे ९०. पिवळा गोल १५ मीटरचा. अजून एक, वादळ ज्या दिशेने चाललंय त्याच्या उजव्या हाताला वारा जास्त असतो, डाव्या हाताला कमी. तुमचं शहर रेषेच्या कुठल्या बाजूला येतंय ते बघत जा.

इशाऱ्याला लेव्हल असतात एक ते पाच. टुरिस्टने तीनपासून पुढचं लक्षात ठेवलं तरी पुरे. तीन म्हणजे म्हातारी माणसं, लहान मुलं, ज्यांना वेळ लागतो त्यांनी धोक्याच्या जागेतून निघा, रंग लाल. चार, जांभळा, धोक्याच्या जागेतल्या सगळ्यांनी निघा. पाच, काळा, म्हणजे उशीर झालाय, आहात तिथेच त्यातल्या त्यात सुरक्षित जागी जा. शहरातल्या चांगल्या बांधणीच्या हॉटेलात वरच्या मजल्यावर असाल तर बहुतेक वेळा तिथेच थांबणं बरं पण रिसेप्शनला विचारा, ते ठरलेलं असतं त्यांच्याकडे. नदीकाठचं किंवा डोंगराच्या पायथ्याचं छान छान ऱ्योकान (जुन्या पद्धतीचं जपानी हॉटेल) घेतलं असेल तर मात्र तीनलाच विचारायला जा, लाजू नका.

अ‍ॅप म्हणाल तर सेफ्टी टिप्स नावाचं आहे, टुरिस्टसाठीच केलेलं, आणि एनएचके वर्ल्डचं, म्हणजे तिकडच्या सार्वजनिक टीव्हीच्या इंग्रजी चॅनलचं. दोन्ही घ्या. जपान टुरिझमची एक हेल्पलाइन आहे चोवीस तास, इंग्रजीत बोलतात, ०५०-३८१६-२७८७, फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. अ‍ॅम्ब्युलन्सला ११९, पोलिसांना ११०. आपल्यापेक्षा वेगळे नंबर आहेत ते, मला पहिली दोन वर्षं गोंधळ व्हायचा.

सप्टेंबर म्हणताय म्हणून सांगते, ४ सप्टेंबर २०१८ ला मी ओसाकात होते, एकवीस नंबरचं वादळ. दुपारी दोनच्या सुमाराला ते कोबेला आलं. आमच्या समोरच्या बिल्डिंगचा पत्रा कागदासारखा उडत गेला, सायकली रस्त्यावर घसरत चाललेल्या, आमच्या बाल्कनीतली तुळशीची कुंडी मी सकाळी आत घेतली होती म्हणून वाचली. ओसाकाच्या कानसाई एअरपोर्टला ५८.१ मीटरचा वारा नोंदला गेला, गुणा आता, दोनशेच्या वर जातो. तो एअरपोर्ट समुद्रात भराव घालून केलेला आहे, रनवेवर पाणी आलं, एक टँकर वाहत येऊन जमिनीला जोडणाऱ्या एकमेव पुलावर आदळला आणि हजारो लोक रात्रभर आत अडकले. दुसऱ्या दिवशी बोटीने आणि बसने काढलं त्यांना. म्हणून माझा स्वतःचा नियम असा की वादळ येतंय म्हटलं की लवकर एअरपोर्टला जाऊन बसायचं नाही. शहरातच राहायचं, फ्लाईटचं पक्कं कळलं की मग निघायचं. बहुतेक एअरलाइन्स अशा वेळी तारीख फुकट बदलून देतात, वादळ यायच्या एकदोन दिवस आधी त्यांच्या साईटवर नोटीस लागते, ती बघत राहा. पण हॉटेलचे, जेवणाचे पैसे हवामानामुळे झालं तर सहसा मिळत नाहीत.

आणि हो, वारा थांबला, ऊन पडलं, चला बाहेर असं करू नका. वादळाचा डोळा वरून जात असेल तर मधे एकदम शांत होतं आणि मग उलट्या दिशेने पुन्हा येतं. त्याला तिकडे फुकिकाएशी म्हणतात. कोन्बिनीतली (कोपऱ्याकोपऱ्यावरची चोवीस तास उघडी दुकानं) ती प्लॅस्टिकची छत्री त्या दिवशी घेऊ नका, पाचसहाशे येनची, एका मिनिटात तिच्या काड्या निघतात आणि दुसऱ्याला लागतात. रेनकोट घ्या. छत्रीला लोक हसतातच.

प्रश्न: आम्ही कोल्हापूरचे दोघं सत्तरीतले. मुलगी जावई टोकियोला निशी-कासाईला राहतात, नातवंडं आहेत. ते सप्टेंबरला बोलावतात. टीव्हीवर वादळं बघून भीती वाटते. जावई म्हणतात काही नाही होत. खरं काय ते सांगा.

उत्तर: काका, काकू, निशी-कासाई म्हणजे आपल्याच लोकांत जाताय, तिकडे इतके भारतीय आहेत की रस्त्यात मराठी ऐकू येतं. ते एदोगावा ह्या वॉर्डात येतं, तिथेच २०१९ ला योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ वॉर्डाच्या सभेवर निवडून आले होते.

आता खरं सांगायचं तर एदोगावा सखल आहे. जमिनीचा साधारण सत्तर टक्के भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली येतो, चारी बाजूंनी नद्या आणि खाली समुद्र. २०१९ च्या मे मध्ये तिथल्या वॉर्डानेच घरोघरी पुराचा नकाशा वाटला आणि त्याच्या कव्हरवर काय छापलं, "इथे राहू नका"! म्हणजे फार मोठा पूर येणार असेल तर आधीच दुसऱ्या वॉर्डात, नातेवाइकांकडे निघून जा असं. आपल्या नगरपालिकेने असं छापलं असतं तर मोर्चा निघाला असता. पण मला ते आवडलं होतं, खरं ते सांगून टाकलं. तेव्हा जावईबापूंना एवढंच विचारा की आपलं घर कितव्या मजल्यावर आहे, नकाशावर आपल्या रस्त्यावर किती पाणी दाखवलंय, आणि जायचं झालं तर कुठे जायचं ठरलंय. ह्या तिन्हीचं उत्तर त्यांच्याकडे असेल तर निर्धास्त जा. नसेल तर तुमच्यामुळे तरी शोधतील. तुमची बीपीची, शुगरची औषधं मात्र दहा दिवसांची जास्त न्या, परतीची फ्लाईट पुढे गेली तर तिकडच्या दुकानात आपली चिठ्ठी चालत नाही.

वरून पाणी येऊ नये म्हणून त्या लोकांनी काय काय केलंय ते बघायचं असेल तर टोकियोच्या उत्तरेला कासुकाबेला जा नातवंडांना घेऊन. जमिनीखाली ५० मीटर खोल, ६.३ किलोमीटर लांब बोगदा, लहान नद्यांचं पुराचं पाणी त्यात घेतात आणि मोठ्या नदीत सोडतात. २००६ ला पूर्ण झालं. शेवटी एक टाकी आहे, १८ मीटर उंच, ५९ खांबांची, अगदी एखाद्या देवळाच्या सभामंडपात उभं राहिल्यासारखं वाटतं. टूर असते, पण बऱ्याच पायऱ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर तुम्ही वर थांबा. आणि खरंच पाऊस असेल त्या दिवशी टूर रद्द, कारण टाकी कामावर असते.

(नोव्हेंबर चालत असेल तर नोव्हेंबरला जा, हे बाकी सगळ्यांनाच सांगते. वादळं मुख्यतः जुलै ते ऑक्टोबर, त्यात ऑगस्ट सप्टेंबर जास्त. दिवाळीच्या सुट्टीत सहसा त्रास होत नाही आणि मोमिजीची लाल पानं मिळतात ते वेगळं.)

प्रश्न: डोंबिवलीहून लिहितेय. आम्ही शाकाहारी, अंडंही नाही. वादळात दिवसभर हॉटेलच्या रूममध्ये बसायचं झालं तर दोन मुलांना घेऊन करायचं काय आणि खायचं काय?

उत्तर: आदल्या दिवशी दुपारी चारच्या आत कोन्बिनी किंवा सुपरमार्केट गाठायचं, संध्याकाळी गेलात तर ब्रेडची फळी रिकामी, हे मी डोळ्यांनी बघितलंय. केळी, भाजलेलं रताळं (याकी-इमो, गरम मिळतं, मुलांना फार आवडतं), उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) घातलेली ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, शिजवलेल्या भाताचे पॅक जे कोन्बिनीतच मायक्रोवेव्हला लावून मिळतात. इनारी-झुशी (तळलेल्या टोफूच्या पिशवीतला भात) शाकाहारी दिसते पण तिच्यात माशाचा दाशी, म्हणजे माशाचं पाणी असतं, सोयाबीनच्या साध्या आमटीत पण. कट्टर असाल तर घरून थेपले, मेतकूट, रेडी टू ईटची पाकिटं न्या, रूममध्ये किटली बहुतेक ठिकाणी असते. पॉवर बँक चार्ज करून ठेवा, बाटल्या भरून ठेवा, पडदे लावून घ्या.

रूममध्येच बसायला पाहिजे असंही नाही नेहमी. वादळ बाजूने जाणार असेल आणि ओसाकात असाल तर उमेदाच्या खाली जमिनीखालची अख्खी बाजारपेठ आहे, तेन्जिनबाशीसुजीची छप्पर असलेली बाजारगल्ली २.६ किलोमीटर लांब आहे. पण डोक्यावरून जाणार असेल तर दुकानं, म्युझियम सगळं सकाळपासून बंद, सकाळी साईट बघूनच निघा आणि हॉटेलपासून चालत परत येता येईल एवढंच लांब जा, कारण गाड्या दुपारून बंद होऊ शकतात.

मुलांना टिश्यू पेपरची तेरु-तेरु-बोझु करायला द्या. पांढऱ्या कागदाचं डोकं आणि खाली घागरा असलेली बाहुली, खिडकीत टांगायची, पाऊस थांबावा म्हणून. तिकडची सगळी पोरं करतात. आणि त्यांना एक जोक पण सांगा. वादळ निघून गेल्यावर स्वच्छ निळं आकाश पडतं त्याला जपानीत ताइफू-इक्का म्हणतात, आणि "इक्का" म्हणजे कुटुंब असाही एक शब्द आहे, उच्चार तोच. त्यामुळे तिकडच्या बऱ्याच लोकांना लहानपणी वाटत असतं की बातम्यांत बाई सांगतेय, वादळ आई, वादळ बाबा आणि वादळ पोरं असं सगळं कुटुंब येऊन गेलं. माझ्या मुलीला पण सहावीपर्यंत तसंच वाटायचं.

खायचं म्हणाल तर वादळाच्या दिवशी जपानी लोक कोरोक्के खातात, बटाट्याचं क्रोकेट, आपल्या पॅटिससारखं. का? २००१ च्या ऑगस्टमध्ये वादळ येत होतं तेव्हा इंटरनेटवर कोणीतरी लिहिलं की वादळासाठी म्हणून मी सोळा कोरोक्के आणून ठेवलीत आणि त्यातली तीन आत्ताच खाऊन झाली. झालं, लोकांना इतकं आवडलं की अजून दर वादळाला कोरोक्केची आठवण निघते आणि सुपरमार्केटवाले पण पाटी लावतात. दुर्दैवाने तुम्हाला त्याचा उपयोग नाही. आत बहुतेक वेळा थोडा खिमा असतो, आणि खाटकाच्या दुकानातली असतील तर डुकराच्या चरबीत तळलेली असतात. भोपळ्याची, काबोचा कोरोक्के, बिनमांसाची मिळू शकतात पण तेल कसलं आणि वरच्या चुऱ्यात अंडं आहे का ते विचारल्याशिवाय घेऊ नका. त्यापेक्षा डोंबिवलीहून निघताना एक डबा कोरड्या कचोऱ्या भरा, दहाबारा दिवस टिकतात, आणि त्यातल्या तीन पहिल्याच रात्री संपणार हे धरून चाला.